मिरबत काकाच्या बायकोचं नाव

आधीच सांगून ठेवतो, मिरबत काकाच्या बायकोचं नाव या गोष्टीत येणार नाही. शेवटपर्यंत वाट बघाल आणि मग मला शिव्या घालाल, म्हणून आत्ताच सांगितलेलं बरं. आमच्या तोरखेल या पठाणी गावात परक्या बाईचं नाव चारचौघांत घेतलं तर गोष्ट बंदुकीवर जाते. आणि स्वतःच्या बायकोचं घेतलं तर लोक हसून हसून जीव घेतात. यातलं दुसरं जास्त वाईट. बायको म्हणजे ‘घरची’, ‘पोरांची आई’, नाहीतर नुसतं ‘अगं ए’. काकाने सगळा संसार ‘अगं ए’वर रेटला आणि त्याचं कधी काही अडलं नाही. अडलं ते साक्षर झाल्यावर.

काका अलीशंग नदीच्या पाटावरचा पाणचक्कीवाला. भुवया, मिश्या, पगडी, सगळं पिठाने पांढरं. केस पिकलेत की पीठ बसलंय हे आंघोळ झाल्यावरच कळायचं, आणि तो योग फक्त शुक्रवारी. त्याचा मुलगा सबावून शारजाला गाड्या धुतो. त्याने एक फोन बापाला धाडला आणि एक आईला. काकाचा फोन वाजायला लागला की कोंबडा आरवायचा आणि सगळा पडदा दिव्यासारखा पेटायचा. वर्षभर तो फोन हुजऱ्यात, म्हणजे गावातल्या पुरुषांच्या बैठकीत, सतरंजीवर उताणा पडून आरवत होता. अक्षरं लुकलुकायची. ती बघायचे सगळे, कळत कोणालाच नव्हती. झाकली मूठ होती, तोवर ठीक होतं.

मग मेहतरलाम शहरातून हेवाद उस्ताद आला, बाप्यांना पश्तो लिहायवाचायला शिकवायला. पोरगा चांगला, पण आमच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले. वर्ग भरायचा दुपारच्या नमाजानंतर, त्याच हुजऱ्यात. आता हुजऱ्यात माणूस आला की बसलेल्या सगळ्यांनी उठायचं. छातीला छाती लावायची. ‘थकू नका’, ‘तुम्हीही गरीब होऊ नका’, पोरं बरी आहेत का, गुडघा कसाय, गाय कशीय. सगळे पुन्हा टेकले की दारात पुढचा उभा. पुन्हा उठा. शेवटचा येऊन बसेपर्यंत चहाची वेळ व्हायची आणि चहासमोर पुस्तक उघडणं हा चहाचा अपमान.

“बाबांनो, निदान गायीची चौकशी तरी उद्यावर ठेवा!” उस्ताद रडकुंडीला येऊन म्हणाला.

“वा रे वा! आणि आजच मेली तर?” शादम बाबा म्हणाला. शादम बाबा गावात सगळ्यांत म्हातारा, तोंडात दोनच दात, पण आवाज तोफेचा.

उस्तादने शेवटी एक युक्ती काढली. म्हणाला, पुस्तक राहू दे. जिथे अक्षर दिसेल तिथे वाचायचं, मोठ्याने, सगळ्यांनी एका सुरात. डोळ्यांना दिसलं की तोंडाने म्हणायचं! झालं. ही गोष्ट म्हाताऱ्यांना अशी काही लागली की विचारू नका. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली. साबणाचं वेष्टन, तेलाचा डबा, ट्रकची मागची फळी, काहीही दिसलं की सगळे थांबायचे आणि ओरडायचे. एका मयताला गेले, तिथे दुखवट्याच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आला, तर सगळ्यांनी मिळून तो पुडा वाचला, अगदी ‘कोरड्या जागी ठेवा’पर्यंत. उस्तादच्या खिशातून एकदा गोळ्यांची पट्टी पडली, तर शादम बाबाने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी साथ दिली, “पोट… साफ… होण्यासाठी!” उस्ताद दोन दिवस वर्गाला आला नाही.

काका या सगळ्यांत हुशार. चक्की फिरत असायची, दळण पडत असायचं, आणि तो घरी-दारी मोठमोठ्याने धडे वाचत बसायचा. बाकीचे अजून अक्षराला अक्षर जोडत होते तेव्हा हा अख्खे शब्द गिळायला लागला होता. आणि अशाच एका दिवशी चक्कीवर कोंबडा आरवला, काकाने सवयीने पडद्याकडे बघितलं, आणि वाचलं.

पडद्यावर त्याच्या बायकोचं नाव होतं. पुरतं, स्वच्छ, ठसठशीत पश्तोत.

काकाच्या तोंडचं पाणीच पळालं. हिवाळ्याच्या सुट्टीत जलालाबादहून नात आली होती, तिने फोनमध्ये काहीतरी भरलं होतं. ते हे! म्हणजे वर्षभर आपली घरवाली हुजऱ्याच्या मधोमध उताणी, तोबा तोबा! आणि आता? आज ना उद्या त्या सगळ्या थेरड्यांना वाचता येणार, आणि दिसलं की ते ओरडणारच. एका सुरात! आधी शादम बाबाची तोफ!

नाव काढायचं कसं? काकाला वाचता येत होतं, फोनची कळ कुठली कुठे दाबायची ते येत नव्हतं. दुसऱ्याला सांगावं तर तो आधी वाचणार. बायकोला सांगावं तर तिला कुठे अक्षरओळख? आणि शिवाय काय सांगणार, अगं ए, मी तुझं नाव वाचलं? इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नाही ते असं काढणार? छे!

मग काकाने वर्गाच्या गाड्याला खीळ घालायला सुरुवात केली. तो मुद्दाम सगळ्यांत शेवटी यायला लागला आणि प्रत्येकाच्या गायीचीच नव्हे, गायीच्या आईचीही चौकशी करायला लागला. शिकलेली अक्षरं विसरल्याचं सोंग काढायचा. “उस्ताद, हे पहिलं पान परत घ्या हो, डोक्यात पीठ गेलंय.” फोन त्याने पगडीत दडवला, तर पगडीतून कोंबडा आरवला आणि शादम बाबा म्हणाला, “मिरबत, अंडंही देतो का रे तो?” बंद करून ठेवला, तर घरून निरोप आला, जिवंत आहात ना? शेवटी काकाने तो घरी पिठाच्या कोठीत खोल पुरून ठेवला आणि निर्धास्त झाला.

पण काकाचं नशीब! मुदीरसाहेब, म्हणजे उस्तादचे वरचे अंमलदार, मेहतरलामहून परीक्षा घ्यायला यायचे ठरले. तोरखेलचे बाप्ये वाचू शकले तर वर्ग चालू, नाहीतर बंद. आणि नेमकी त्याच दिवशी काकाची गाय व्यायला आली.

“अहो सबावूनचे बाबा, फोन घेऊन जा,” बायकोने पिठाने माखलेला फोन त्याच्या हातात ठेवला. “गाय अडली तर मी कोणाला हाक मारू? आणि बंद केलात ना, तर याद राखा.”

काकाने फोन रुमालात गुंडाळला, बंडीच्या आतल्या खिशात कोंबला आणि वाटेने मनाशी एकच ठरवलं. आपल्याला वाचायला सांगितलं की अडखळायचं. वर्गातला हुशार पडला की बाकीचे पडणारच. वर्ग बुडाला की ती थेरडी आहेत तिथेच राहतील आणि अब्रू वाचेल. वाईट त्यालाही वाटत होतं, वाचायची गोडी त्याच्याइतकी कोणाला लागली होती? पण अब्रूपुढे काय?

मुदीरसाहेब आले. जाडजूड, चष्मेवाले. सगळे उठले. छातीला छाती लावणं आलंच. काका भेटायला पुढे झाला, साहेबांनी त्याला असा काही आवळला की बंडीतला रुमाल वर सरकला, रुमालातून फोन निसटला आणि सतरंजीच्या बरोबर मधोमध पडला. उताणा. आणि कोंबडा आरवला.

काका झेपावला, पण साहेबांनी त्याला अजून सोडलं नव्हतं. सगळे म्हातारे वाकले. माना पुढे आल्या. शादम बाबाने घसा साफ केला. काकाने डोळे मिटून घेतले.

“क… मां… डर!” अख्खा हुजरा ओरडला. “कमांडर!”

काकाने एक डोळा उघडला. पडद्यावर खरोखरच ‘कमांडर’ लिहिलेलं होतं. त्याला काही उमजेना. उमजलं नाही ते साहेबांनाही, पण कमांडर म्हणजे आमच्याकडे बंदूकवाल्यांचा म्होरक्या, त्याच्या वाटेत कोणी येत नाही, मग तो कुठलाही असो. त्यांनी काकाला झटकन सोडलं.

“उचला, उचला लवकर!” ते कुजबुजले. “थांबवू नका त्यांना!”

काकाने फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडे बायको. पण समोर सगळे कान देऊन उभे, मग करतो काय बिचारा?

“जी साहेब! जी… झाली? मुलगी? वा, अल्लाची देणगी!… आईची तब्येत?… चाटतेय ना तिला?”

मुदीरसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

“वार पडली का?… बरं झालं. उभी राहिली? शाबास! कपाळावर चांद? जी, जी, येतो लगेच. हो साहेब, शेण मीच काढतो.”

काकाने फोन खिशात टाकला. मग साहेबांनी हळूच विचारलं, “कमांडरसाहेब तुमच्याशी फार… घरोब्याने वागतात?”

“बरीच वर्षं त्यांच्याच हाताखाली आहे,” काका म्हणाला. आणि हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं वाक्य होतं.

धाकधूक गेली तशी काकाची जीभ मोकळी सुटली. पुस्तक ओढून त्याने अख्खं पान एका दमात वाचलं, त्याच्यामागे बाकीच्यांनी वाचलं, आणि कोणी न सांगता साहेबांच्या पेनावरचं, घड्याळावरचं आणि बुटाच्या तळव्यावरचंही वाचलं. वर्ग चालू राहिला. साहेब चहाला थांबले नाहीत.

काका पळत घरी आला. गोठ्यात बायको बसली होती, गायीसाठी परातीत पीठ घेऊन.

“मला कमांडर कोणी केलं म्हणून विचारताय?” तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली. “मीच. पिठाच्या कोठीत फोन लपवणारा शहाणा! कोठीत रोज हात कोणाचा जातो? तो का पुरला, तेही कळलं मला.”

“पण तुला… लिहिता…?”

“तुम्ही रोज बोंबलून वाचता, या गायीलाही येत असेल आता. नातीने हिवाळ्यात परातीत पीठ पसरून अक्षरं शिकवली आणि कळाही दाखवल्या.”

“आणि आधी ते जे… नाव… ते त्या कार्टीनेच…”

“तिला बोल लावू नका,” ती म्हणाली. मग थोडा वेळ गायीची पाठ चोळत राहिली. “मीच घालायला सांगितलं होतं. आईने हौसेने ठेवलं होतं हो ते. इथे आले ती अगं ए झाले, मग सबावूनची आई झाले. म्हटलं, कुठेतरी लिहिलेलं असू दे. तेव्हा गावात वाचता कोणाला येत होतं?”

काकाला फार वाईट वाटलं. ज्या नावाला तो इतके दिवस विंचवासारखा घाबरला होता, ते तिने एवढ्याशा जागेत जपून ठेवलं होतं, आणि त्याच्या अब्रूसाठी आपल्याच हाताने पुसलं होतं. तो तिच्यासमोर मातीत बसला, परात पुढे ओढली, पीठ तळहाताने सारखं केलं आणि बोटाने लिहिलं. जपून, एकेक अक्षर.

तिने वाकून बघितलं. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता वाचा की. डोळ्यांना दिसलं की तोंडाने म्हणायचं ना?”

काकाने दाराकडे बघितलं, गायीकडे बघितलं, कालवडीकडे बघितलं. आणि वाचलं.

“ऐकू नाही आलं.”

काकाने मोठ्याने वाचलं. ती ओढणीत तोंड लपवून खुदकन हसली, आणि त्याने आणखी मोठ्याने वाचलं, मग पुन्हा, मग पुन्हा.

बाहेर चक्कीशी शादम बाबा आणि बाकीचे म्हातारे दळणाच्या थैल्या घेऊन उभे होते. मधे एक कुडाची भिंत, शब्द न् शब्द बाहेर येत होता. पण त्या दिवशी कोणी सूर धरला नाही. सगळे नदीकडे तोंड करून उभे राहिले.

“पाणी फार वाजतंय बुवा आज,” शादम बाबा तोफेच्या आवाजात म्हणाला. “काही म्हणता काही ऐकू येत नाही.”