संताचे बटाटे

नवे फादर आले तेव्हा गावात पहिली चर्चा झाली ती त्यांच्या जेवणाची. श्रीरामपूरजवळच्या आमच्या खेड्यात भाकरी न खाणारा माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. फादर समुद्रापलीकडून आले होते, वयानं अगदी तरुण होते आणि खायचे फक्त उकडलेले बटाटे. त्यांचा स्वयंपाक माझ्या आईकडे होता. आमच्या रानात बटाटे पिकत नसत. ते बाजाराच्या दिवशी श्रीरामपूरहून बैलगाडीनं यायचे. आमच्या ताटात बटाटा पडायचा तो लग्नकार्यात, तोही पंगत लवकर मिळाली तर. त्यामुळं फादरांच्या जिभेचे भारी चोचले आहेत, असं गावानं एकमतानं ठरवून टाकलं. शेजारची म्हातारी तर त्यात सगळ्यांच्या पुढं.

माझे वडील चर्चचे धर्मशिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पोरांना प्रार्थना शिकवणं हे काम, पण जीव सगळा कीर्तनात. पागोटं बांधून, गळ्यात क्रूस घालून ते उभे राहिले आणि मागं मृदंग वाजला की, घरी आईपुढं चकार शब्द न काढणारा तो हाच का माणूस, असं मला वाटायचं. फादरांना मात्र चर्चमध्ये टाळ-मृदंग ही कल्पनाच सहन होईना. ते आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "मास्तर, या सणाला मी ऐकेन. योग्य वाटले नाही, तर यापुढे कीर्तन होणार नाही."

वडिलांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांनी मुद्दाम फादरांच्याच मुलखातल्या, फादरांच्या आवडत्या संताचं चरित्र निवडलं. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मेंढरं राखणारा, अभ्यासात ढ. रडतखडत धर्मगुरू झाला, एका आडगावात गेला आणि अख्खं गाव त्यानं देवाच्या वाटेला लावलं.

सणाच्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं. मेंढरांचा भाग झकास रंगला. फादर खुर्चीत ताठ बसले होते. मग वडिलांनी हात वर करून मृदंग थांबवला, डोळे मिटले आणि आवाज खाली आणला.

"आणि मंडळी, हा महात्मा खात काय होता? नुसते उकडलेले बटाटे!"

आता हुंदके फुटायला हवे होते. बायकांमधून आमच्या शेजारची म्हातारी मोठ्यांदा बोलली, "मंग लई चैनीत हुता की त्यो!"

सगळं चर्च खो खो हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी एकदा घाम पुसला आणि गाडी वळवली. "म्हणजे आपल्याकडची भाकर समजा. चार दिवसांची शिळी, कडक. वर कांदा नाही, मीठ नाही. स्वतःच्या वाट्याची ताजी भाकर त्यानं दारातल्या भुकेल्याला दिलेली!"

हसू जागच्या जागी थांबलं. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात फादर उठले. "मास्तर, ते बटाटेच होते! आमच्याकडे ते गरिबांचे अन्न आहे. म्हणूनच तर मीसुद्धा..."

ते मध्येच थांबले. समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून त्यांनी आईला विचारलं, "बाई, इथे बटाटे कोण खातात?"

आईनं खाली मान घातली. "तुमीच की, फादर."

फादर कानापर्यंत लाल झाले. मग असे हसत सुटले की खुर्ची करकरली. डोळे पुसून ते म्हणाले, "मास्तर, पुढे सांगा. भाकरीच राहू द्या."

मृदंग पुन्हा वाजला. वडिलांचा मला इतका अभिमान वाटला की मी उगाचच शेजारणीला कोपर मारलं. पुढं दर सणाला कीर्तन झालं.

दुसऱ्या दिवसापासून फादरांनी भाकरी धरली. ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, पोट बिघडायचं, पण माणूस हट्टी. पंधरवड्यात त्यांचा झगा अंगावर लोंबू लागला. पुन्हा बटाटे खा म्हणून आईनं सांगून पाहिलं, वडिलांनी सांगून पाहिलं.

बाजाराच्या संध्याकाळी म्हातारी आमच्या दारात आली. तिनं पदराची गाठ सोडून आईपुढं बटाटे ठेवले.

"उकडा मास्तरीनबाई, आन मी दिल्यात म्हनून सांगा. संत व्हयाला लई येळ हाय अजून. पोरगं हाय त्ये."