दावणीवरचा पहारा

आमचा वेदांग एकोणीस वर्षांचा आहे. आठवडाभर तो इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला मेकॅनिकल शिकतो आणि सुट्टीत अमेरिकन यादवी युद्धातला घोडदळाचा शिपाई होतो. हौशी लोकांचं एक फेराइन, म्हणजे मंडळ आहे. त्यातले सुतार, दंतवैद्य, बँकेतले कारकून निळे कोट चढवून रानात तंबू ठोकतात आणि दीडशे वर्षांमागच्या परक्या भांडणात रमतात. मी त्याला म्हणायचो, अरे, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं ही म्हण आहे, ती कुणी इतकी मनावर घेत नाही. तो हसायचा आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. आमचं मराठी त्याला सगळं समजतं, बोलताना मात्र जर्मनच येतं.

फेराइनमध्ये प्रत्येकाने त्या काळातला एकेक माणूस व्हायचं असतं. वेदांगने निवडला जर्मनीहून अमेरिकेत गेलेला, तिथली भाषा धड न येणारा आणि दुसऱ्यांच्या युद्धात भरती झालेला पोरगा. असाच का, असं मी विचारलं तर त्याने खांदे उडवले. मला कारण कळलं आणि जरा बोचलंही.

त्याच्या छावणीत लढाई कमी आणि चाकरीच जास्त. उजाडायच्या आत उठायचं, ओढ्यावरून पाणी आणायचं, घोड्यांना खरारा करायचा, लीद उचलायची. घोड्याच्या तोंडात वैरण गेल्याशिवाय शिपायाच्या पोटात कॉफीसुद्धा नाही. घरी स्वतःचा कप विसळायला कुरकुरणारा हा मुलगा तिथे चिखलात गुडघे टेकून लिझं नावाच्या घोडीचे खूर साफ करताना मी पाहिला आणि ऊर्मिलाला म्हणालो, अगं, आपण याला वाढवण्यात काहीतरी चुकलोय, घरात एक घोडा पाळायला हवा होता.

नव्या स्वाराने पूर्ण हंगाम दावणीवर काढायचा आणि शेवटच्या छावणीत पहिल्यांदा लोकांसमोर घोड्यावर बसायचं, असा तिथला नियम. दावणीवर पहारा असताना घोडं आजारी पडलं, तर हंगाम पुन्हा पहिल्यापासून. यंदाची शेवटची छावणी नेमकी दसऱ्याला आली. वेदांग महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं हो-नाहीवर आलं होतं. पण नातू दसऱ्याला घोड्यावर बसणार म्हटल्यावर ते उठून बसले. त्यांच्या लहानपणी घरी टांग्याचं घोडं होतं. त्यांनी ऊर्मिलाकडून झेंडूची माळ करून घेतली, आणि आणखी काय करून घेतलं ते मी विचारलं नाही.

आम्ही सकाळीच पोहोचलो. मी तंबू बघत हिंडलो, आबा दावणीकडे गेले. दुपारी प्रात्यक्षिकाची तयारी सुरू झाली आणि लिझं खाली बसली. उठली, पायाने माती उकरू लागली, मान वळवून पोटाकडे बघू लागली. फेराइनचा म्होरक्या राइनर धावत आला. हिला कोणी काय दिलं, असं त्याने विचारायच्या आतच वेदांग पुढे झाला आणि म्हणाला, भिजवलेला हरभरा आणि गूळ, निम्मी बादली, आमच्या घरून आणलेला, आणि पहारा माझा होता. दसऱ्याला घोड्याला गोडाधोडाचं भरवणं ही आमच्या घरची रीत, पण रोज गवत खाणाऱ्या लिझंच्या पोटाला ती ठाऊक नव्हती.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि घोडीला हळूहळू चालवत ठेवायला सांगितलं. पलीकडच्या कुरणात बिगूल वाजला, बार उडाले, लोकांनी टाळ्या पिटल्या. अलीकडे आमचा शिपाई पितळी बटणांचा कोट घालून, लगाम धरून झाडांखाली फेऱ्या मारत होता. दुसऱ्या बाजूने आबा चालत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना समजलं होतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं मला.

संध्याकाळी लिझंने लीद टाकली. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या आता धोका नाही. वेदांगने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो रडला. राइनरने त्याचा खांदा थोपटला, पण पुढच्या हंगामात पुन्हा दावणीवर यायचं, हेही सांगितलं. वेदांगने मान डोलावली.

मला राहवेना. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "आबांच्या चुकीचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर का फोडून घेतोस? तुला काय माहीत होतं? मी बोलतो राइनरशी."

"नको, बाबा," तो म्हणाला. आणि मग शब्द शोधत, अडखळत, मराठीत बोलला. "मी तिथेच होतो. बघत होतो. नियम मला माहीत आहे. पण आबा लिझंशी बोलत होते. खूप बोलत होते, आजीचं, त्यांच्या घोड्याचं. मला त्यांना थांबवता नाही आलं."

मी राइनरकडे गेलो नाही.