फॉइलमध्ये आणलेला समुद्र

साताऱ्याची मुलगी म्हणून मी आयुष्यभर फार मिरवलं. डोंगर, किल्ले, वारा, सगळं जणू माझ्या वडिलांच्या नावावर होतं. खरं सांगायचं तर अजिंक्यतारा मी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलाय. शाळेची सहल वर गेली त्या दिवशी मला अगदी वेळेवर ताप आला होता.

अशी ही गिर्यारोहक बाई तीस वर्षांपूर्वी रास अल खैमाला जैस डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसून म्हणाली होती, "हे कसले मेले डोंगर? इमारत पाडल्यावर राडारोडा टाकतात, तसे दिसतात!"

तेव्हा आम्ही दुबईतल्या देरा भागात राहायचो. ह्यांच्या ऑफिसातल्या पठाण ड्रायव्हरनं ह्यांना सांगितलं होतं, की या डोंगरावर दगडांत समुद्राचे शिंपले आहेत. तेवढ्यासाठी हे एका शुक्रवारी आम्हाला घेऊन निघाले. वर जायला रस्ता नव्हता, शेळ्यांची पायवाट तेवढी. मी नेसले होते शिफॉनची साडी आणि पायात दोन इंची टाचांच्या सँडल. हे लहानग्या मुलाला घेऊन अर्धा तास चढले असतील नसतील, मी गाडीचा हॉर्न दाबून धरला. अख्खी दरी दणाणली. हे धावत, घसरत खाली आले. "काय झालं?" म्हणाले. मी म्हणाले, "भूक लागली."

त्यानंतर ह्यांनी शिंपल्यांचं नाव काढलं नाही. आणि मी? आपण किती व्यवहारी, म्हणून खूश!

आता वरपर्यंत गुळगुळीत रस्ता झालाय आणि ह्यांची नजर गेलीय. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले; कडेकडेचं काय ते धूसर दिसतं. या ऑगस्टमध्ये नातीला सुट्टी होती, म्हणून आम्ही सगळे अंधारातच निघालो. खाली दुबईत पहाटेसुद्धा भट्टीची झळ, इथे वर चक्क वारा. गाड्या लावायच्या जागेपासून पायवाट सुरू होत होती. सून ह्यांच्यासोबत गाडीत थांबली.

"तू जा," हे म्हणाले. "सापडलाच एखादा, तर माझ्यातर्फे हात लावून ये. मी हॉर्न वाजवणार नाही."

तीस वर्षं! माणसं काय काय जपून ठेवतात.

मुलानं बजावलं, "आई, आठ वाजता जिथे असू तिथून मागे. नंतर ऊन झेपायचं नाही. आठला खलास."

"यल्ला, आज्जी! यू आर सो स्लो," नात पुढून ओरडली.

"स्लो नाही गं, तीस वर्षं उशीर झालाय. आणखी पाच मिनिटांनी काय होतंय?"

पण एका वळणावर माझी बडबड आपोआप थांबली. खालच्या दरीत धुरकट धूळ भरून राहिली होती आणि तिच्यातून कडे बेटांसारखे वर आले होते, एकामागे एक, मोजता न येण्याइतके. उजेड सरकत गेला तशी राखाडी कड्यांना तांब्याची कळा आली. कड्यांत थरावर थर, कुणीतरी सावकाश घड्या घालून ठेवल्यासारखे. एक पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. राडारोडा म्हणणाऱ्या त्या शिफॉनवाल्या बाईचा मला कान पिळावासा वाटला.

शिंपला मात्र मिळेना. प्रत्येक दगड वाकून पाहिला. पावणेआठ झाले, मग दहा कमी. गुडघे बोलायला लागले, म्हणून मी एका धोंड्यावर बसले आणि आधाराला हात टेकला. तळव्याला काहीतरी रुतलं. पाहते तर करंजीच्या मुरडीसारख्या बारीक रेघा, पंख्यासारख्या पसरलेल्या. शिंपला! त्याच्याशेजारी दुसरा. मी बसले होते त्या जागी तर चार-पाच.

इथे पाणी होतं. या एवढ्या उंचीवर, माझ्या बुडाखाली, एके काळी समुद्राचा तळ होता. मी रेघांवरून बोट फिरवलं आणि चाटून पाहिलं. खारट लागलं. घामाचं असणार, पण नातीला ते सांगितलं नाही.

मुलानं फोटो काढला. "बाबांना दाखवू."

"त्यांना फोटोत काय दिसणार आहे रे?"

"लेट्स ब्रेक अ पीस," नात म्हणाली.

"खबरदार! आपल्या आधीपासून आहे तो इथे."

मग मला धपाटे आठवले. पिशवीतून डबा काढला, त्यातले धपाटे सोडवून नातीच्या हातात दिले आणि त्यांच्यावरची फॉइल शिंपल्यावर ठेवून अंगठ्यानं दाबत, घासत गेले. पहिली फाटली. "आई, आठ," मुलगा म्हणाला. "थांब रे!" दुसरी मात्र नीट निघाली, रेघ न् रेघ उठलेली. चुरगळू नये म्हणून मी ती रिकाम्या डब्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी डबा धरून खाली आले. देवाचा प्रसादसुद्धा मी इतका सांभाळून आणला नसेल.

गाडीत ह्यांच्या तळहातावर ती फॉइल ठेवली आणि त्यांचं बोट धरून पहिल्या रेघेवर टेकवलं. पुढे ते बोट आपलं आपण चालत गेलं. टोकापर्यंत गेलं, परत आलं. सुनेनं एसी बारीक केला.

"खराच होता की," हे शेवटी म्हणाले. मग फॉइल नाकाशी नेली. "समुद्राला लसणाचा वास येतो, हे त्या ड्रायव्हरनं नव्हतं सांगितलं."

आणि फॉइल छातीशी धरून त्यांनी दुसरा हात शेजारी लांबवला, चाचपत स्टिअरिंग शोधलं आणि हॉर्न दाबून धरला. अख्खी दरी दणाणली.

"अहो, काय हे!" मी दचकले. "काय झालं?"

"भूक लागली," हे म्हणाले.