समोरून वाचणारे काका

आमच्या बनारसच्या घरमालकांवर सरस्वती प्रसन्न होती, पण ती त्यांच्या शेजारी न बसता समोर बसली होती. त्यामुळे तिच्या हातातली पोथी त्यांना जन्मभर उलटीच दिसली, आणि ती त्यांनी तशीच वाचून काढली. मी हे उगाच फुगवून सांगत नाही. वर्तमानपत्र असो, लग्नपत्रिका असो, साहेबाच्या टेबलावरची फाइल असो, कागद समोरच्या माणसाला सुलटा असला की काका तो आपल्या बाजूने घडाघडा वाचत. तोच कागद त्यांच्या हातात सुलटा दिला तर मात्र जरा अडखळत, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच फिरवून घेत. तरुणपणापासून त्यांनी एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते, पंचांगं आणि पोथ्या छापल्या होत्या. जुळवणाऱ्याला ओळ डोक्यावर उभी दिसते आणि तशीच वाचावी लागते. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, पण काकांच्या डोळ्यांना ही बातमी कुणी कळवलीच नाही.

माझी-त्यांची पहिली भेटही कागदाच्या दोन बाजूंनीच झाली. रेल्वेतल्या बदलीने मी बनारसला नुकताच आलो होतो आणि कचेरीत बसून क्वार्टरसाठी हिंदीत अर्ज लिहीत होतो. हरवलेल्या छत्रीची चौकशी करायला आलेले एक काटकुळे गृहस्थ समोरच्या खुर्चीत वाट पाहत होते. मी सही केली तोच ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेब, 'कृपया'तला प पूर्ण हवा, तुमचा अर्धा झालाय. आणि क्वार्टर काही दोन बरस मिळत नाही. आमच्या घरी वरच्या दोन खोल्या खाली आहेत." वरच्या खोल्या खाली कशा असतील, या विचारात मी पडलो. तिथल्या मराठीत 'खाली' म्हणजे रिकाम्या, हे मला आठवडाभराने, सामान लावून झाल्यावर कळलं. मी मराठी आहे हे त्यांनी सहीवरून ओळखलं होतं. माझी सही माझ्या बायकोलाही सुलटी वाचता येत नाही.

दूधविनायकच्या गल्लीतल्या त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. काकांबरोबर बाहेर पडणं म्हणजे एक सोहळाच असे. रामघाटावरून नावेत बसलो की ते मुद्दाम पेपरवाल्या उतारूच्या समोरची जागा पकडत. एकदा भोसले घाटाजवळ नाव पोचेपर्यंत त्यांनी समोरच्या माणसाचं पहिलं पान संपवलं, पण तो माणूस काही पान उलटेना. शेवटी काका कळवळून म्हणाले, "भैया, पन्ना पलटिए न!" त्याने दचकून पलटलं. उतरताना त्यांनी त्याला त्या पानावरच्या तीन चुका मोफत सांगितल्या, आणि तो बिचारा वर्तमानपत्र आपणच लिहिल्यासारखा ओशाळला. एका लग्नात गुरुजी मंगलाष्टकांच्या चोपड्यातून म्हणत होते. अंतरपाटाच्या पलीकडून काकांनी, "गुरुजी, दोन पानं एकदम उलटली," असं सांगितलं तेव्हा नवरा-नवरीसुद्धा हसले.

घरात त्यांचं एकच वर्तमानपत्र येई. सकाळी काकू टेबलाच्या एका बाजूला आणि काका दुसऱ्या बाजूला. पेपरची सुलटी बाजू काकूंची. चाळीस वर्षं दोघांनी एकच पान एकाच वेळी वाचलं. माझी बायको हे पाहून इतकी भारावली की तिने मला दोन दिवस कुठल्याच गोष्टीत सुख लागू दिलं नाही. पण या कौतुकाला दुसरी बाजूही होती, ती आम्हाला उशिरा कळली. काकू इंदूरला बहिणीला पत्र लिहायला बसल्या की काका समोरून वाचत, आणि शाई वाळायच्या आत बोट पुढे येई. "दुध नाही, दूध. दीर्घ." काकू "अच्छा अच्छा" म्हणत आणि दुरुस्त करत. पुढे त्यांनी पत्रं लिहिणंच सोडलं. काकांना वाटलं, फोन आले म्हणून सोडलं.

आमच्या पाचव्या वर्षी काकूंना झटका आला. हातपाय महिनाभरात बरेचसे सावरले, पण वाचा गेली. सगळं समजायचं, ओठ हलायचे, आणि शब्दाऐवजी नुसता श्वास यायचा. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी सांगितलं, "रोज तीन वेळा कुणीतरी यांच्या अगदी समोर बसा. यांना तुमचे ओठ दिसले पाहिजेत. मधे मोठ्या अक्षरांतला एकच कागद ठेवा, दोघांची बोटं एकाच शब्दाखाली फिरू द्या, आणि दोघांनी एकत्र म्हणा." मला वाटलं, देवाने या माणसाला चाळीस वर्षं याच कामासाठी तयार केलं असावं. समोर बसून उलटा कागद वाचणारा दुसरा माणूस अख्ख्या काशीत मिळाला नसता.

काका समोर बसले. 'पाणी' या शब्दाखाली बोट ठेवून म्हणाले, "पाणी." काकूंनी ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही मिटले. तिसऱ्या दिवशी माझी बायको सहज काकांच्या खुर्चीत बसली, तर काकू "पा" म्हणाल्या. काका दारात उभे होते. ते दिसताच ओठ पुन्हा मिटले.

त्या संध्याकाळी काका वर आमच्याकडे आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "मला घाबरते ती. चूक होईल म्हणून घाबरते. चाळीस बरस मी चुकाच तर काढल्या तिच्या. मी सामने बसेन तोपर्यंत ती बोलायची नाही." मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बसाल? फक्त कागद तुम्हाला उलटा दिसेल. त्याचं मी बघतो."

आणि ज्या माणसाला सुलट्या कागदाची गरजच नव्हती, तो दुसऱ्यांसाठी कागद सुलटे करायला बसला. काकूंच्या बाजूच्या अर्ध्या कागदावर त्यांना सुलटे शब्द, आणि समोरच्या अर्ध्यावर तेच शब्द, समोरच्याला सुलटे. आधी त्यांनी हाताने लिहून पाहिलं, पण अक्षर एकसारखं येईना. मग छापील पट्ट्या कापून डिंकाने चिकटवल्या. काकू शब्दाऐवजी पट्टीची सुटलेली कडच खरवडत बसायच्या. "एका फर्म्यात, एकाच छापात, दोन्ही बाजू आल्या पाहिजेत," काका म्हणाले आणि माझा लॅपटॉप मागितला. इंटरनेटवर लिहायची जी सोय असते ती मी उघडून दिली, पण तिथे शब्द जाड होत, तिरपे होत, लाल होत. डोक्यावर मात्र उभे राहत नसत. मी ऑफिसात कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. मी दोन तास शोधून सांगितलं, "काका, यात अक्षर उलटं होत नाही." ते म्हणाले, "शिशाचं होत होतं. हे तर हवेचं आहे."

ते चार दिवस मी विसरणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याने कधी की-बोर्डाला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी अक्षरांच्या जागा पाठ केल्या. खिळ्यांच्या खणांसारख्या त्या बोटांत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना इंग्रजी अक्षरं उलटी करून देणारी एक जागा सापडली. तिथे 'पाणी' घातलं, तर मागची वेलांटी पुढे येऊन एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून राहिली. काका हळहळले, "अरे रे, बिचारीचा ण कुठे गेला!" तिसऱ्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी खालून हाक आली. मी जिन्यावरून धावलो. काकांनी शब्द सोडून चित्र काढायची जागा उघडली होती, चित्रात एक चौकट घातली होती आणि चौकटीत शब्द लिहिला होता. चौकटीच्या डोक्यावर एक बारीक ठिपका होता. तो धरून त्यांनी हळूहळू फिरवला. 'पाणी' आडवं झालं, कललं आणि शांतपणे डोक्यावर उभं राहिलं. "शब्द नाही फिरत," काका म्हणाले, "पण शब्दाचं घर फिरतं." मी त्यांना नमस्कार केला. खरंच वाकून केला. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ओळ केसभर कलली होती, आणि ती सरळ करण्यात त्यांचा आणखी तास गेला.

मग रोज एक कागद निघू लागला. पाणी, चहा, पुरे, उठा, नको, बढिया. काकू रोज काय काय बोलत असत हे त्यांना इतकं बारीक आठवत होतं, की आपण बायकोचं काहीच ऐकत नाही याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली. माझी बायको, शेजारच्या वहिनी, कधी मी, असे आळीपाळीने खुर्चीत बसायचो. काका तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसत, भिंतीला पाठ लावून, आतला प्रत्येक आवाज ऐकत. चार महिन्यांत काकू तीसेक शब्द बोलू लागल्या. त्यांतला एकही काकांशी नाही.

एके दिवशी कागदावर गल्ल्यांची आणि घाटांची नावं होती. मी समोर बसलो होतो. काकूंचं बोट रामघाटावरून खाली आलं आणि थांबलं. त्यांनी कागद जवळ ओढला. मग दाराकडे पाहून, गेले चार महिने ज्या माणसासमोर तोंड मिटलं होतं त्याला आत बोलवायची मला खूण केली. काका घाबरतच आले. काकूंनी आपल्या बाजूच्या ओळीवर बोट आपटलं. तिथे छापलं होतं, 'दुधविनायक'.

"चू," काकू म्हणाल्या. मोठा श्वास घेतला. "चूक."

काका वाकून पाहत राहिले. "हो ग," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"दी..." काकूंचा चेहरा लाल झाला. "दीर्घ."

आणि त्या हसल्या. त्या दिवसापासून खुर्चीत काका बसू लागले.

रात्री मी माझ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली. या ऑनलाइन फायलींमध्ये कुणी कधी काय बदललं याची सगळी नोंद राहते, हे काकांना ठाऊक नव्हतं. दुपारी त्यांनी 'दूधविनायक' बरोबर लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी. अर्ध्या तासाने काकूंच्या बाजूचा दीर्घ पुसून ऱ्हस्व केला होता. मग पुन्हा दीर्घ. मग पुन्हा ऱ्हस्व. असं पाच वेळा. जन्मात एक चूक मुद्दाम करताना त्या माणसाचा हात किती अडला असेल! मी हे बायकोला सांगितलं. काकांना कधीच बोललो नाही.

पुढच्या वर्षी आमची बदली भुसावळला झाली. निघताना लॅपटॉप मी त्यांच्याकडेच ठेवला. फाइल मला इथूनही दिसते, आणि कितीतरी महिने मी ऑफिसातून आल्यावर ती उघडून नवे शब्द पाहत असे. यंदा उन्हाळ्यात कागद बंद झाले. तीन आठवडे फायलीत एक अक्षर हललं नाही. न राहवून मी फोन केला. तो काकूंनी घेतला.

"काकू, कागद का थांबले?" मी विचारलं.

काका जवळच असावेत. कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला आणि थांबला. पाठीमागे देवळाची घंटा वाजून गेली. काकू शब्द शोधत होत्या. मी शोधत होतो, आणि तिथे फोनशेजारी बसलेल्या काकांना तो केव्हाच सापडला असणार. त्यांनी तो सांगितला नाही.

"आता," काकू अखेर म्हणाल्या, "आम्ही... गप्पा... मारतो."