गुरुवारचं पाणी

एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत, गुरुवारी दुपारी चार वाजता, शुभाताईंना हायडेलबर्गमध्ये कुणी बोलावत नसे. वाढदिवस असो नाहीतर डॉक्टरांचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, चार ते साडेपाच बाई घर सोडायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझं पाणी चालू असतं."

आणि ते खरंच चालू असायचं, फक्त दोन हजार किलोमीटरवर. दक्षिण स्पेनमधल्या आल्पुहाराच्या डोंगरात त्यांच्या नवऱ्याचं, अन्सेल्मोचं, गाव होतं. वर शिखरांवर बर्फ वितळायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं खोदलेल्या जुन्या पाटातून पाणी खाली यायचं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. अन्सेल्मोच्या घराची पाळी गुरुवारी चार ते साडेपाच. तेवढ्या दीड तासात अंजिरं, घेवड्याचे वाफे आणि चेस्टनटची अकरा झाडं भिजली पाहिजेत.

शुभाताई मूळच्या मिरजेच्या. एकाहत्तर साली, बाविसाव्या वर्षी, नर्स म्हणून जर्मनीत आल्या. अन्सेल्मो छपाईयंत्रांच्या कारखान्यात होता. बोट चेचून घेऊन त्यांच्या वॉर्डात आला. दोघांचंही जर्मन लंगडं, त्यामुळे गैरसमज व्हायलाही वेळ लागायचा. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदा गाव दाखवलं आणि पाणी सोडणाऱ्या माणसाची ओळख करून दिली, तेव्हा या टाळी देऊन हसल्या होत्या. "अरे, पाटकरी म्हण की! आणि हे काय, दारं धरायला निघालायस होय?" मिरजेजवळ मामाच्या उसात त्यांनी लहानपणी हेच पाहिलं होतं, बांध फोडून पाणी एकेका सरीत वळवणं, दारं धरणं. पुढे चाळीस उन्हाळे अन्सेल्मो गुरुवारी टोपी घालून म्हणायचा, "शुबा, दारं धरायला चल." भर स्पेनमध्ये, स्वच्छ मराठीत.

जर्मनीत तो गप्प माणूस. जिन्यात शेजारी भेटला तर मान हलवायचा, बस्स. पण गावातल्या शेवटच्या वळणावर बसमधून उतरला की याची चालच बदलायची. घरांची पांढरी बुटकी रांग, सपाट माळवदांवर करडी माती, तिच्यावर वाळत घातलेली अंजिरं, भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा. संध्याकाळी अंजिरं उलटायला बायका माळवदावर चढायच्या आणि एका माळवदावरून दुसऱ्यावर गप्पा सुरू व्हायच्या. शेजारची रेमेदिओस तिथूनच ओरडायची, "अन्सेल्मोवाली, तुझी अंजिरं माझ्यापेक्षा काळी कशी?" चाळीस वर्षं शुभाताई त्या गावात 'अन्सेल्मोवाली' होत्या. त्यांना ते आवडायचं. हायडेलबर्गमध्ये त्या फ्राऊ अमुक होत्या, मिरजेत आता कुणाच्याच काही नव्हत्या.

चौदा सालच्या डिसेंबरात अन्सेल्मो गेला.

त्या पाटाचा एक नियम होता. दर एप्रिलात, पाणी सोडण्याआधीच्या शनिवारी, सगळं गाव पाट साफ करायला वर चढायचं. प्रत्येक घरातून दोन हात. मजूर चालत नाही, घरचं माणूस हवं. अन्सेल्मो त्यासाठी दरवर्षी रजा काढून जायचा. सलग तीन वर्षं ज्या घराचे हात दिसले नाहीत, त्या घराची पाळी गेली.

पहिलं वर्ष दुःखात गेलं. दुसऱ्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा शुभाताईंनी काय करावं? पंचेचाळीस वर्षं जर्मनीत काढलेली बाई! डॉक्टरांचं आटेस्ट, आजारपणाचा दाखला, घेतलं, त्याचं स्पॅनिश भाषांतर करवून घेतलं, शिक्का मारला आणि रजिस्टर पोस्टानं गावाला पाठवलं, की अमुक कारणास्तव सदर व्यक्ती पाट साफ करू शकत नाही. आणि निर्धास्त झाल्या.

सतरा सालच्या एप्रिलात, मंगळवारी, पाटकरी पाकोचा फोन आला.

"अन्सेल्मोवाली, शनिवारी येतेस ना? तिसरं वर्ष आहे."

"तिसरं कसं? गेल्या वर्षी आटेस्ट पाठवलं होतं मी."

"तो कागद? बारमध्ये चौकट करून लावलाय. पाहुणे आले की वाचून दाखवतो. काय ते शिक्के! राजाच्या आजारपणालासुद्धा एवढे नसतील." पाको हसला, मग थांबला. "पण पाटातला गाळ कागदानं निघत नाही गं."

"आणि पाळी गेली तर कुणाला?"

"यादीत पुढे ते वरचं नवं गेस्टहाऊस आहे. पोहायचा हौद बांधलाय त्यांनी."

शुभाताई खुर्चीत बसल्या. अन्सेल्मोच्या आजोबांचं पाणी आणि त्यात पाय हलवत बसणारे पाहुणे!

"देता येतं," पाको हळूच म्हणाला. "पाळी जिवंत आहे तोवर घरमालकीण दुसऱ्या घराला देऊ शकते. पण तोंडानं सांगायचं, सगळ्यांसमोर, काम सुरू व्हायच्या आधी. आणि दिलं की दिलं."

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. नंदिनी जर्मनीतच, येना शहरात भिंगांच्या प्रयोगशाळेत संशोधक. आईचं मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं.

"तू जातेस का गं शनिवारी? एकच दिवस. फावडं धरायचं."

"या शनिवारी? आई, सोमवारी माझा अहवाल आहे. आणि बारा वर्षांत गेले नाहीये मी तिथे."

"बाबांची झाडं आहेत."

"बाबांची नाहीत, पणजोबांची. बाबा तर तिथून निघून आले. तूही मिरजेहून निघून आलीस. मग मीच का परत जायचं?" मग तिचा आवाज उतरला. "आई, समज मी या वर्षी गेले. पुढच्या वर्षी कोण?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," शुभाताई म्हणाल्या.  खुबा त्यांना तळमजल्यावरच्या पत्रपेटीपर्यंतच नीट नेत होता.

बुधवार गेला. पाणी अजून सुटलं नव्हतं, तरी गुरुवारी त्या चारला खिडकीत बसल्या. दोन उन्हाळे त्यांची दारं कोण धरत होतं? सदुसष्ट वर्षांची रेमेदिओस. स्वतःचे वाफे भिजवून ती या अकरा झाडांकडे यायची आणि रविवारी फोनवर कोणतं झाड कसं आहे ते सांगायची. कधी उपकाराचा शब्द नाही.

शनिवारी सकाळी नऊला त्यांनी पाकोला फोन केला. चौकात सगळे जमले होते. फावड्यांचा खणखणाट, एक कुत्रं, कुणाचा तरी खोकला. पाकोनं फोनचा आवाज मोठा केला. "गप्प राहा रे, जर्मनी बोलतेय!"

चौक शांत झाला. शुभाताई उभ्या राहिल्या. अशी गोष्ट बसून सांगायची नसते असं त्यांना वाटलं.

"अन्सेल्मोच्या घराची गुरुवारची पाळी," त्या म्हणाल्या, "मी रेमेदिओसच्या घराला देते. झाडांसकट. आजपासून."

 मग रेमेदिओसचा आवाज, माळवदावरून यायचा तसाच खणखणीत. "मूर्ख बाई! आता उन्हाळ्यात येशील कशाला मग?"



"ऐकलं सगळ्यांनी," पाको म्हणाला. "लिहून घेतो. चला, ऊन चढतंय." त्यानं फोन खिशात टाकला. पण बंद करायला विसरला.

शुभाताईंनीही बंद केला नाही. कानाशी धरून त्या उभ्याच राहिल्या. खिशाच्या कापडाची घासाघास, पाकोचा श्वास, दगडांवर बूट. कुणीतरी गेस्टहाऊसच्या हौदावरून टोमणा मारला, सगळे हसले. बाराजण असतील, फार तर तेरा. पूर्वी साठ असायचे. आता उजवीकडे कारंजं. पाणी पडताना ऐकू आलं. आता चढण, बोलणं थांबलं. मग रेमेदिओस धापा टाकत म्हणाली, "माझं एक फावडं आज तिचंही समजा रे."

वर जुन्या खळ्यापाशी वळण होतं, त्यापुढे फोन लागत नसे. त्यांना ठाऊक होतं. त्या पावलं मोजत राहिल्या. पाको काहीतरी सांगू लागला, आणि वाक्याच्या मध्येच आवाज तुटला.