विजेचे तीन पत्ते

अर्चनाबाईंची आणि माझी ओळख सरावलीच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. त्या तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला होत्या आणि पहिली पाळी संपली की आम्हा वयस्क बायकांना शिकवण्यासाठी समाजमंदिरात येत असत. मी त्या वर्गातील सर्वांत वयस्क विद्यार्थिनी होते. त्यांनी आम्हाला अक्षरे शिकवली ती पुठ्ठ्याच्या चकचकीत पत्त्यांवर. एका बाजूला राक्षस, घोडे, मनोरे अशी चित्रे असत आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी कागद चिकटवून अक्षर लिहिलेले असे. माझ्या ‘ल’च्या पाठीमागे एक पंखांचा सिंह होता. ही चित्रे कसली, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझी मुलगी आणि मी एक खेळ खेळतो. त्यातले जास्तीचे झालेले आहेत हे.”

त्यांची मुलगी उत्कर्षा चौदा वर्षांची होती. ती पालघरला वडिलांकडे, म्हणजे इंद्रजीतरावांकडे राहत असे. नवराबायको वेगळे झाले तेव्हा मुलगी वडिलांकडे राहील असे ठरले होते. रविवारी ती आईला भेटत असे, परंतु दोघींमध्ये बोलणे फारसे होत नसे. शाळेचे विचारले तर ती “ठीक” म्हणे, जेवणाचे विचारले तर “झालं” म्हणे. फक्त हा खेळ मांडला की ती भरभरून बोले. म्हणून अर्चनाबाई तो खेळ शिकल्या होत्या.

नंतर इंद्रजीतरावांना भरूचला नोकरी मिळाली. मुलीला घेऊन ते त्याच आठवड्यात निघणार होते. त्याआधीच्या रविवारी बोईसर स्टेशनजवळच्या एका दुकानात, मोबाईलची कव्हरे विकतात त्याच्या माडीवर, या खेळाची जोड्यांची स्पर्धा होती. जिंकणाऱ्या जोडीला पुढच्या महिन्यात मुंबईच्या फेरीत दोन दिवस खेळायला मिळणार होते. अर्चनाबाईंनी फार विनवणी केली तेव्हा इंद्रजीतराव म्हणाले, “जिंकलात तर मुंबईसाठी तिला पाठवतो. नाहीतर दिवाळीनंतर बघू. आणि स्पर्धेला कोणीतरी वडीलधारं सोबत पाहिजे.” ते वडीलधारे माणूस म्हणून बाईंनी मला नेले.

त्या स्पर्धेत घरून पत्ते आणता येत नाहीत, हे मला तेथे गेल्यावर कळले. प्रत्येक जोडीला बंद पाकिटे मिळतात. ती तिथेच फोडायची आणि जे निघेल त्यातूनच दोघांनी आपापला चाळीस पत्त्यांचा संच तयार करायचा. त्याला ते ‘डेक’ म्हणतात. त्यात जवळजवळ अर्धे पत्ते नुसत्या शक्तीचे असतात आणि त्या शक्तीवर बाकीचे पत्ते चालतात. सगळे मोठे पत्ते घेतले तर शक्ती जमेपर्यंत हात बांधून बसावे लागते. सगळे लहान घेतले तर शेवटी दम उरत नाही. दोघीही जिंकल्या तरच जोडी जिंकते. एक जिंकली आणि एक हरली तर बरोबरी.

दोघींनी पत्ते रंगाप्रमाणे वेगळे केले आणि प्रत्येक रंगाची लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावली. उत्कर्षा झरझर सांगत होती, “हा ठेव. हा कचरा. हा हळू आहे, पण चालेल.” त्या ढिगात विजेचे तीन पत्ते निघाले. समोरच्याचे कितीही मोठे जनावर असले तरी ते वीज टाकून मारता येते. वीज लाल रंगाची होती आणि लाल रंग दोघींच्याही डेकमध्ये होता, म्हणजे ती दोघींनाही चालली असती. अर्चनाबाईंनी तिन्ही पत्ते मुलीच्या बाजूला सरकवले.

“आई, वीज सगळी माझ्याकडे का?”

“तुला लागेल.”

“आणि तुला?”

“माझं भागतं.”

पहिल्या फेरीत उत्कर्षा जिंकली आणि अर्चनाबाई हरल्या. पुढच्या दोन्ही फेऱ्या दोघी जिंकल्या, परंतु बाईंसमोरच्या मुलांची शक्तीच जमली नाही म्हणून त्या वाचल्या, हे मलाही समजले. हरता हरता जिंकलेल्या माणसाला आनंद होत नाही. त्यांच्या बोटांना घाम येत होता आणि पत्ता ओला होऊ नये म्हणून त्या सारखा हात पदराला पुसत होत्या.

दुपारी आम्ही जिन्यात बसून डबा खाल्ला. अंड्याची भाजी आणि भाकरी होती. अर्चनाबाईंनी सगळी अंडी उत्कर्षाच्या झाकणात घातली, उरलेल्यातले बटाटे मला दिले आणि स्वतः भाकरी रश्श्यात बुडवली.

“बाई, तुमी काय नाय घेतलं,” मी म्हणाले.

“मला रस्सा पुरतो, लाडकीमावशी.”

आमच्या पाड्यावरही रांधणारी बाई असेच जेवते, तळाशी राहील ते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु सकाळी पत्ते सरकवणारा हात आणि आता अंडी वाढणारा हात एकच आहे, एवढे माझ्या ध्यानात आले. उत्कर्षाच्याही आले असावे. तिने एक अंडे उचलून आईच्या भाकरीवर ठेवले. आईने ते परत तिच्या झाकणात ठेवले.

“आई, फेऱ्यांच्या मध्ये डेक बदलता येतो,” उत्कर्षा म्हणाली. “दोन विजा तू घे.”

“एक दे. एक पुरेल.”

“दोन घे ना. शेवटच्या फेरीत तुझ्यासमोर तो विपुल आहे, त्याच्याकडे मोठी जनावरं आहेत, मी बघितलंय.”

“एक पुरेल म्हटलं ना. जेव तू.”

शेवटची फेरी पालघरच्या दोन चुलत भावांशी होती. ते कॉलेजात शिकत होते. अर्चनाबाईंसमोर विपुल बसला आणि उत्कर्षासमोर दर्पण. ते दोघे गुणांनी पुढे होते, म्हणून बरोबरी झाली असती तरी तेच मुंबईला गेले असते. आमच्या दोघींनाही जिंकणे भाग होते. मी मध्ये स्टुलावर बसले.

उत्कर्षा फार वेगाने खेळली. दर्पण म्हणाला, “अगं छोटी, जरा हळू मार, घरी सांगायला तोंड तरी ठेव.” ती हसली नाही. तिचे लक्ष आईच्या टेबलाकडे होते.

अर्चनाबाईंनी घाबरून त्यांची वीज सुरुवातीलाच एका रानडुकरावर टाकली. मग विपुलने समुद्रातला एक भला मोठा सर्प टेबलावर ठेवला. तो प्रत्येक वेळी बाईंचे एकेक जनावर खात सुटला. त्या नवा पत्ता उचलत, बघत आणि खाली ठेवत. विपुल स्वभावाने वाईट नव्हता. तो म्हणाला, “काकू, टाका काहीतरी. नाहीतर चहा मागवू का?” बाई म्हणाल्या, “थांब हं बाळा, थांब जरा.” त्यांचा आवाज असा होता की त्याने पुढे चेष्टा केली नाही. तोवर उत्कर्षाने आपला डाव जिंकला होता. ती हातातले पत्ते तसेच धरून बघत बसली. मध्ये बोलण्याची परवानगी नव्हती.

शेवटचा पत्ता उचलण्याआधी अर्चनाबाईंनी डोळे मिटले. तो नुसत्या शक्तीचा निघाला, सर्पाला अडवणारा नव्हे. त्यांनी तो हलकेच टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. विपुलने हात मिळवला. स्पर्धा घेणारे बळवंतराव म्हणाले, “एक-एक. बरोबरी.” मग त्यांनी भावांची नावे पुकारली.

उत्कर्षाने हातातले पत्ते आईसमोर उलगडले. त्यात वीज होती. तिला ती टाकावीच लागली नव्हती.

“ही माझ्याकडे नुसती पडून होती,” ती म्हणाली.

“असू दे गं. तू जिंकलीस ना.”

“मी एकटी जिंकून काय करू? सकाळपासून देतेय, तू घेत नाहीस. मला वाटलं, तुला मुंबईला यायचंच नाहीये.”

तेवढ्यात खालून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. इंद्रजीतराव आले होते. उत्कर्षाने पत्ते गोळा केले, आईच्या पिशवीत टाकले आणि ती जिना उतरली. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा इंद्रजीतरावांनी विचारले, “झालं?” बाई म्हणाल्या, “झालं.” “बरं. दिवाळीनंतर बघू,” ते म्हणाले. मुलीने वळून पाहिले नाही, किंवा हेल्मेटमुळे मला दिसले नसेल.

त्यानंतर अर्चनाबाई वर्गाला नियमाने येत राहिल्या, परंतु फळ्यावर अर्धा शब्द लिहून तशाच उभ्या राहत. भरूचला फोन लावला की पलीकडून “ठीक” आणि “झालं” येई. दिवाळी झाली. उत्कर्षाची शिकवणी असल्याचे कळले. बाईंनी त्या आठवड्यात रजा काढून ठेवली होती. ती त्यांनी घरातच बसून काढली. मी भाकरी घेऊन गेले तर दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला, आणि भाकरी दुसऱ्या दिवशी तशीच बांधलेली दिसली.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवले. सतरंजीवर त्यांनी स्पर्धेच्या दिवशीचे सगळे पत्ते मांडले. प्रत्येक पत्त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली होती, मला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. मी एक उचलून वाचला. वीज. समोरचे एक जनावर मारा. तिन्ही विजा त्यांनी माझ्या बाजूला ठेवल्या होत्या.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही उत्कर्षाच्या जागी बसा. मी तुमच्याकडे एक पत्ता मागणार आहे. तो मला द्या.”