दगडू झोपला नव्हता

"कारण लिहा आणि सही करा," मॅनेजर म्हणाले. "कामगाराचा निष्काळजीपणा. संपलं."

टेबलावर अपघाताचा रिपोर्ट होता. शनिवारची दुपार. गुरुवारी सांडलेलं रक्त प्रेसखाली अजून भुशाने झाकलेलं होतं.

पन्नासच्या दशकात पिंपरीतल्या एका लहान कारखान्यात मी फोरमन होतो. आम्ही पॉवर प्रेसवर पत्र्याची झाकणं काढायचो. पायाने पेडल दाबलं की वरचा जड साचा खाली आदळतो आणि झाकण तयार होतं. हात आत जाऊ नये म्हणून समोर लोखंडी जाळी असते. तिला गार्ड म्हणतात. गार्ड असला की पत्रा सरकवायला वेळ लागतो आणि माल कमी निघतो.

ऑर्डर घाईची होती. पाना घेऊन गार्ड मीच काढला होता.

दगडू प्रेसवर होता. चाकणजवळच्या निघोज्याचा, सायकलने येणारा, अबोल माणूस. त्याने विचारलं होतं, "सायेब, जाळी न्हाई लावायची?"

"तू काम कर. डोळे उघडे ठेव," मी म्हणालो होतो.

गुरुवारी पेडल सोडल्यावरही साचा दुसऱ्यांदा खाली आला. दगडूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

"गार्ड नव्हता, साहेब," मी मॅनेजरना म्हणालो.

"काढला कोणी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सही केली.

मी मूळचा वसईचा, कॅथलिक. घरी रोज दिवेलागणीला मी आणि माझी बायको फिलोमिना गुडघे टेकून जपमाळेवर रोझरीची प्रार्थना म्हणायचो. शेवटी कबुलीची प्रार्थना. ती म्हणताना स्वतःच्या छातीवर तीनदा मूठ मारायची असते: माझ्या अपराधाने, माझ्या अपराधाने, माझ्या फार मोठ्या अपराधाने. लहानपणापासून म्हणत आलो होतो. मूठ सवयीनेच पडायची.

त्या संध्याकाळी मूठ वळली आणि मला माझी बोटं दिसली. पुढचे शब्द फुटेनात.

"काय झालं?" फिलोमिनाने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं.

तिने जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "देवाला ठाऊकच आहे. त्या माणसाला सांगितलंत का?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी पुण्याला हॉस्पिटलात गेलो. दगडू खाटेवर बसला होता. मी म्हणालो, "चूक माझी होती. रिपोर्टात मी तुझी लिहिली. मला माफ कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "हात तर गेलाच. पर गावात म्हंत्यात, दगड्या मशिनीवर झोपला व्हता. तुमच्या कंपनीतनंच कळलंय त्यास्नी. मी झोपलो न्हवतो, सायेब."

"मला माहीत आहे."

"मंग मला काय सांगताय? तितं येऊन सांगा."

सोमवारी रिपोर्ट अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे गेला नव्हता. मी मॅनेजरसमोर माझी ओळ खोडली आणि लिहिलं, गार्ड मी काढला होता.

"घरी बसावं लागेल," ते म्हणाले.

"बसेन."

पुढच्या रविवारी निघोज्याला गेलो. देवळाच्या पारावर माणसं जमली होती. दगडू हात गळ्यात बांधून मधे बसला होता. मी उभं राहून सांगितलं, की हा जागा होता, जाळी मी काढली आणि मग खोटं लिहिलं. आयुष्यभर मी माणसांना उभं करून बोललो होतो. आज मी उभा होतो आणि ती बसली होती.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग इतके दिस गप का बसलात?"

दगडू मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माफ केलं, असं तो तेव्हा म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही.

फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन गेला. दगडूला भरपाई मिळाली, पण कामावर परत घेतलं नाही. पुढे तो चाकणच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांची राखण करायचा. मला नोकरीवरून काढलं नाही, फोरमनचा पुन्हा फिटर केला. मॅनेजर होते तिथेच राहिले.

त्यानंतर बरीच वर्षं मी कारखान्यांत काढली. अपघात झाला आणि कोणी फोरमन किंवा मॅनेजर कामगाराची चूक सांगू लागला, की मी आधी एवढंच विचारायचो, "तुम्ही त्या वेळी कुठे होता?"